पाटीवरचा मोहितो

अमळनेरच्या पेंटरनं पाटीवर 'मोहितो' लिहिलं,
ते मी कधी बदललं नाही.
एकदा धरणगावच्या लग्नात
नवरदेवाचंच नाव मोहित निघालं.
त्याच्या मामानं खूश होऊन पाचशेची नोट
माझ्या बर्फाच्या टबाला चिकटवली, ओलीच.

अठरा वर्षं वऱ्हाडाला हिरवं पाणी पाजलं.
तीन बोटं सिरप, वर सोडा,
पुदिन्याचं एक पान, ओळखीपुरतं.
एका रात्रीत नऊशे ग्लास.
पोरं एकमेकांना जिभा काढून दाखवायची.
उरलेलं मी प्यायचो, कॅनच्या तळाचं,
पहाटे टेम्पोत, पातेल्यांच्या मधे बसून.
वाया कशाला घालवायचं?

चैत्रात रिपोर्ट आला. उपाशीपोटी दोनशे बारा.
डॉक्टरनं विचारलं, गोड खाता?
म्हटलं, खात नाही.
खोटं नव्हतं.

मग कोकिळा.
माझ्या धंद्याला तिनं आजवर हात लावला नव्हता.
त्या दुपारी पंचेचाळीस डिग्री, लाइट गेलेली,
बोरीच्या वाळूत कुत्रंसुद्धा पाय ठेवत नाही अशी वेळ,
आणि ही गच्चीवर जाऊन
ऑइल पेंटच्या डब्यातला पुदिना खुडून आली.
मूठभर!
मी ओरडलो, अगं, एवढ्यात माझे चाळीस ग्लास होतात.
तिनं पानं तळहातावर घेतली
आणि कळण्याच्या भाकरीला शेवटी देते तशी
एकच थाप दिली. वाटली नाहीत, कुटली नाहीत.
कागदी लिंबू अख्खं पिळलं,
साल पेल्याच्या काठावरून फिरवली.
खडीसाखरेचा खडा हरभऱ्याएवढा,
तोही माझ्याकडे दोनदा बघून टाकला.
शेंदेलोण चिमूटभर. माठाचं पाणी अर्धा पेला.
मग माझ्याच क्रेटमधली बाटली
उलथन्याच्या दांड्यानं उघडली.

पेला समोर आला. आरपार.
पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं,
त्यावर लग्नाच्या तारखांचे लाल गोल.
हिरवं कुठंय यात, मी विचारलं.
म्हणाली, "आते पी. मंग बोल."

पंखा बंद. गल्ली झोपलेली.
आणि त्या पेल्यात काहीतरी चाललं होतं,
बारीक, एकसारखं,
दूरच्या घरात मोहरी तडतडावी तसं.
मी कान लावला.
अठरा वर्षं बँड, डीजे, जनरेटर,
स्टेजवरून हरवलेल्या पोरांची नावं.
सोड्याला आवाज असतो
हे मला माहीत नव्हतं.

प्यालो. आधी आंबट. मग नुसतं गार.
मग कितीतरी वेळानं, तळाशी, गोड.
पंगती उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखं,
दारातच उभं.
चांगलं झालंय असं काही मी म्हणालो नाही.
दाताखाली बी आली, तिचीच तक्रार केली.

पुढचं लग्न चोपड्याला.
वर टेबलावर हिरवं, निळं, नेहमीचं.
खाली स्टीलची एक टाकी, बिनरंगाची, बिनपाटीची.
गुलाबजामच्या रांगेतून मागे फिरणारी माणसं
आता मला लांबून ओळखू येतात.
हातात रिकामी वाटी,
नजर उगाच मांडवाच्या झालरीवर.
त्यांना मी डोळ्यांनीच बोलावतो.

एक म्हातारा आला, टोपीची कड घामानं काळी झालेली.
पेला हॅलोजनसमोर धरून म्हणाला,
"रंग टाकाले ईसरी गया का, आप्पा?"
म्हटलं, आधी कानाला लावा.
त्यानं लावला.
डीजे दणदणत होता,
त्याला काही ऐकू आलं नसणार.
तरी तो बराच वेळ
तसाच उभा राहिला.